तिकीट रद्द झाले, पण नोंद उरली

अमेरिकेत ज्याच्याकडे ट्रक चालवण्याचा व्यावसायिक परवाना, म्हणजे इथल्या बोलीत सीडीएल, आहे, त्याला वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दल रस्त्यावर मिळालेले तिकीट, म्हणजे पोलिसांचे चलन, एकाच कार्यालयात जमा होऊन थांबत नाही. ते कोर्टात जाते आणि दोष सिद्ध झाला तर कोर्टातून राज्याच्या परवाना खात्याकडे जाते. पोलिसांनी त्याच वेळी गाडीची किंवा चालकाची तपासणी केली असेल तर ते केंद्र सरकारच्या एका वेगळ्याच नोंदीत उतरते, नोकरी देणाऱ्या कंपनीच्या फायलीत बसते आणि काही महिन्यांनी घरच्या मोटारीच्या विम्याच्या हप्त्यात डोके वर काढू शकते. या प्रत्येक ठिकाणची मुदत वेगळी, नियम वेगळे आणि दाद मागण्याचा रस्ताही वेगळा. मी कॅलिफोर्नियात राहतो, क्लास ए परवान्यावर ट्रॅक्टर-ट्रेलर चालवतो आणि दोन तिकिटांच्या निमित्ताने ही सगळी वाट पायाखालून घातली आहे. जे या व्यवसायात आहेत किंवा ज्यांच्या घरातले कुणी आहे, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून तपशिलात लिहीत आहे.

पहिले तिकीट वेगाचे होते. कॅलिफोर्नियात तीन किंवा अधिक आसांच्या ट्रकला आणि ट्रेलर ओढणाऱ्या कोणत्याही वाहनाला ताशी ५५ मैलांची कमाल मर्यादा आहे. त्याच रस्त्यावर मोटारींना ६५, तर मधल्या सपाट खोऱ्यातून जाणाऱ्या इंटरस्टेट ५ या महामार्गाच्या बऱ्याच भागात ७० मैलांची मुभा असते. याचा परिणाम असा की मोटारीसाठी जो वेग कायदेशीर, तोच ट्रकसाठी मर्यादेपेक्षा १५ मैलांनी जास्त ठरतो, आणि केंद्रीय नियमांत हा १५ मैलांचा आकडा उंबरठ्यासारखा आहे. मर्यादेपेक्षा १५ मैल किंवा त्याहून अधिक वेग आढळला, की ते साधे उल्लंघन राहत नाही, ‘गंभीर उल्लंघन’ या वर्गात जाते. माझ्या तिकिटावर ७१ लिहिलेले होते.

मी वकिलाचा सल्ला घेतला. यंत्राने घेतलेले मोजमाप स्वच्छ होते, त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते, म्हणून त्यांच्या सल्ल्याने दंड भरला. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. दंड भरणे म्हणजे प्रकरण मिटवणे नव्हे. कायद्याच्या दृष्टीने तो दोषसिद्धीचा स्वीकार असतो. मोटारचालकाला अशा वेळी ट्रॅफिक स्कूलचा पर्याय मिळतो. अभ्यासक्रम पूर्ण केला की त्याचा गुण, म्हणजे उल्लंघनाबद्दल नोंदीत बसणारा दोषाचा गुण, विमा कंपनीच्या नजरेआड ठेवला जातो. व्यावसायिक वाहन चालवताना मिळालेल्या तिकिटाला ही सवलत नाही. केंद्रीय नियमांनी राज्यांना सक्त मनाई केली आहे की सीडीएलधारकाची दोषसिद्धी कुठल्याही योजनेखाली झाकायची नाही, पुढे ढकलायची नाही किंवा नोंदीतून वगळायची नाही. ट्रक चालवताना झालेले उल्लंघन असो वा घरची मोटार चालवताना झालेले, ही मनाई दोन्हींना लागू आहे. सीडीएल खिशात असलेला माणूस रविवारी बायकोमुलांना घेऊन स्वतःच्या मोटारीतून निघाला तरी तो या नियमापुरता सीडीएलधारकच असतो.

दोषसिद्धी झाल्यापासून ३० दिवसांच्या आत कंपनीला लेखी कळवणे चालकावर बंधनकारक आहे. यातून फक्त पार्किंगची तिकिटे वगळली आहेत, आणि गाडी कोणतीही असो, हा नियम लागू होतो. परवाना निलंबित झाला तर मुदत आणखी कमी असते. सूचना मिळाल्यानंतरच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवसाअखेर कळवावे लागते. कॅलिफोर्नियात याशिवाय ‘पुल नोटीस’ नावाची व्यवस्था आहे. तिच्यात नोंदवलेल्या प्रत्येक व्यावसायिक चालकाच्या नावावर काही नवे जमा झाले की परवाना खाते, म्हणजे डीएमव्ही, कंपनीला आपणहून कळवते. त्यामुळे आपण सांगितले नाही तरी कंपनीला कळतेच, आणि मग ‘सांगितले का नाही’ हा दुसरा प्रश्न उभा राहतो. मी पत्र लिहून सेफ्टी मॅनेजरच्या हातात दिले आणि पोच घेतली.

डीएमव्हीच्या नोंदीत या दोषसिद्धीचा एक गुण बसला. क्लास ए किंवा बी परवाना लागणारी गाडी चालवताना मिळालेला गुण कॅलिफोर्नियात दीडपट धरतात, हे ऐकून मी धास्तावलो होतो, कारण मला वाटले की विमा कंपनीही दीडच मोजेल. वकिलांनी कायद्याचा मजकूर दाखवून समजावले की हा दीडपट हिशेब ‘निष्काळजी चालक’ ठरवून परवान्यावर कारवाई करायची की नाही, एवढ्यापुरताच आहे.

गंभीर उल्लंघनांचा हिशेब या गुणांपासून अगदी वेगळा चालतो. मर्यादेपेक्षा १५ मैल जास्त वेग, बेदरकार चालवणे, धोकादायक रीतीने लेन बदलणे, पुढच्या गाडीच्या फार जवळून चालवणे, ट्रक चालवताना हातात फोन धरणे किंवा मजकूर लिहिणे ही सगळी त्या यादीत येतात. तीन वर्षांच्या आत अशी दोन उल्लंघने सिद्ध झाली तर ६० दिवस आणि तीन झाली तर १२० दिवस ट्रक चालवण्यास अपात्र ठरवतात. मोटारचालकाला निलंबनाच्या काळात कामावर जाण्यापुरता मर्यादित परवाना अनेक राज्यांत मिळू शकतो. ट्रक चालवण्यासाठी तसा परवाना कोणतेही राज्य देऊ शकत नाही. घरची मोटार चालवता येते, पण ज्यावर पोट आहे ती गाडी जागेवरून हलवता येत नाही.

यापेक्षा वरचा वर्ग मुख्य अपराधांचा आहे. रक्तातील दारूचे प्रमाण ०.०४ टक्के आढळणे (मोटारचालकाला बहुतेक राज्यांत ०.०८ ही मर्यादा आहे), चाचणीला नकार देणे, अपघातस्थळ सोडून जाणे, अशा अपराधांना पहिल्याच वेळी एक वर्ष आणि गाडीत धोकादायक माल असेल तर तीन वर्षे अपात्रता मिळते. दुसऱ्यांदा घडले तर ती आजन्म असते. घरच्या मोटारीत दारू पिऊन पकडले गेले तरी सीडीएल वर्षभरासाठी जातो. मला हा नियम कठोर वाटत नाही. ८०,००० पौंड वजनाची गाडी ज्याच्या हाती सोपवायची, त्याला वेगळा मापदंड लावणे योग्यच आहे. माझी तक्रार कठोरपणाविषयी नाही, वेगवेगळ्या कार्यालयांतल्या नोंदींचा आपसात मेळ नसतो, त्याविषयी आहे.

पहिल्या तिकिटाला दीडएक वर्ष झाले असताना दुसऱ्या राज्यात मला ‘फार जवळून पाठलाग’, म्हणजे पुढच्या गाडीपासून पुरेसे अंतर न राखणे, या कलमाखाली तिकीट मिळाले. इंटरस्टेटवर तीन लेन होत्या, मी उजवीकडून दुसऱ्या लेनमध्ये होतो आणि पुढे पुरेसे अंतर राखून होतो. सीडीएलच्या पुस्तिकेत सुरक्षित अंतराचा सोपा नियम दिला आहे: गाडीच्या लांबीच्या दर दहा फुटांमागे एक सेकंद आणि वेग ताशी ४० मैलांच्या वर असेल तर आणखी एक. म्हणजे सत्तर फूट लांबीच्या गाडीला आठ सेकंद, ताशी ६० मैलांना साधारण सातशे फूट. अनुभवी चालक हे अंतर राखतो, पण मोटारचालकांना ती मोकळी जागा आपल्यासाठीच ठेवली आहे असे वाटते. त्या दिवशी बाहेर पडण्याचा रस्ता चुकू नये म्हणून एक मोटार डावीकडून थेट माझ्या पुढ्यात शिरली आणि तिने ब्रेक दाबला. मी पाय उचलला, वेग उतरू दिला आणि अंतर पुन्हा वाढू लागले. मागून येणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने पाहिले तेव्हा माझ्या आणि त्या मोटारीमध्ये जेमतेम दोन गाड्यांची जागा होती.

त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि इलेक्ट्रॉनिक लॉग तपासला. ट्रकच्या यंत्रणेला हात न लावता फक्त चालकाची कागदपत्रे पाहणाऱ्या या तपासणीला तिसऱ्या पातळीची तपासणी म्हणतात. लॉग स्वच्छ होता. दिवसाला ११ तास चालवण्याची आणि कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत ते चालवणे संपवण्याची, अशा दोन्ही मर्यादा पाळलेल्या होत्या. शेवटी माझ्या हातात दोन कागद आले. एक कोर्टाचे तिकीट आणि दुसरा तपासणीचा अहवाल, ज्यात तेच उल्लंघन संकेतांकासह पुन्हा लिहिलेले होते. या दोन कागदांचे मार्ग इथूनच वेगळे होतात, हे त्या क्षणी कुणी सांगत नाही.

तपासणीचा अहवाल चालकाने कंपनीच्या पुढच्या तळावर पोचताच द्यायचा असतो, आणि २४ तासांच्या आत तिथे पोचणार नसेल तर लगेच पाठवायचा असतो. मी रात्रीच त्याचा फोटो आणि मूळ प्रत पाठवली. सकाळी सेफ्टी मॅनेजरचा फोन आला. त्यांचा सूर सहानुभूतीचा होता, पण मुद्दा स्पष्ट होता: कायद्याने ६० दिवसांची अपात्रता हा एक भाग झाला, त्याआधीच, दोष सिद्ध झाला तर कंपनीच्या विमा कंपनीचे निकष आड येतील. ट्रकचा विमा कंपनी काढते, आणि कोणत्या चालकाला त्या पॉलिसीखाली गाडी द्यायची याची अट विमा कंपनी घालते. आमच्याकडे तीन वर्षांत दोन गंभीर उल्लंघने असलेला चालक त्या यादीत बसत नव्हता. अपात्रतेचे दिवस संपल्यावर परवाना पूर्ववत होईल, पण त्या कंपनीची गाडी हाती येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. नव्या चालकांना परवान्याचे नियम शिकवतात. विमा कंपनीची ही अदृश्य यादी मात्र कोणत्याही पुस्तिकेत नसते, आणि नोकरी टिकते की जाते हे बहुधा तीच ठरवते.

आमच्या यार्डातल्या एका ज्येष्ठ पंजाबी चालकांना, ज्यांना आम्ही सगळे पाजी म्हणतो, मी हे सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “डॅशकॅमची क्लिप काढून ठेवलीस का?” कॅमेरा स्वतःच्याच जुन्या फितीवर नवे लिहीत जातो, त्यामुळे काही दिवसांत ती क्लिप पुसली गेली असती. मी त्याच संध्याकाळी ती उतरवून घेतली, एक प्रत वकिलांकडे आणि एक कंपनीकडे दिली. पुढे जे झाले ते या क्लिपमुळे झाले.

ज्या काउंटीतले तिकीट होते तिथल्या, फक्त व्यावसायिक चालकांची प्रकरणे घेणाऱ्या वकिलांना मी नेमले. सरकारी वकिलांनी सुरुवातीला जो प्रस्ताव दिला तो कुणाही मोटारचालकाने आनंदाने स्वीकारला असता: दोष मान्य करा, निकाल काही महिने राखून ठेवू, त्या काळात दुसरे तिकीट मिळाले नाही तर प्रकरण आपोआप निकालात निघेल. माझ्या वकिलांनी शांतपणे सांगितले की हे अशील सीडीएलधारक आहेत आणि राखून ठेवलेला निकाल हा केंद्रीय नियमांच्या मनाईखाली येतो. राज्याला ही दोषसिद्धी कळवावीच लागेल. दुसऱ्या राज्यातली दोषसिद्धी दहा दिवसांच्या आत परवाना देणाऱ्या राज्याला कळवायची असते, आणि त्यासाठी सर्व राज्यांना जोडणारी एक सामाईक व्यवस्था आहे. एका चालकाने अनेक राज्यांचे परवाने बाळगून तिकिटे वाटून टाकण्याचा जुना प्रकार १९८६ च्या कायद्याने बंद केला, तेव्हापासून एक चालक, एक परवाना, एक नोंद हे तत्त्व आहे.

मग आम्ही क्लिप दाखवण्याची विनंती केली. कोर्टाच्या बाहेरच्या दालनात वकिलांनी लॅपटॉप उघडला. कोपऱ्यात वेळ आणि ट्रकचा वेग दिसत होता. मोटार रेषा ओलांडते, तिचे ब्रेकचे दिवे लागतात, ट्रकचा आकडा ६१ वरून ५८, ५५, ५२ असा उतरत जातो आणि पुढचे अंतर हळूहळू रुंदावत जाते. सरकारी वकिलांनी ते तीनदा पाहिले. तिसऱ्यांदा मोटार शिरते त्या क्षणी थांबवून. पूर्ण भरलेल्या ट्रकला ताशी ५५ मैलांवरून थांबायला, धोका दिसल्यापासून, आदर्श परिस्थितीतही सुमारे ४१९ फूट लागतात. अशा गाडीने घाबरून ब्रेक मारला असता तर मागच्यांचे काय झाले असते, एवढेच माझ्या वकिलांनी विचारले. प्रकरण मागे घेण्याचे ठरले.

इथे वकिलांनी आणखी एक काळजी घेतली, जिचे महत्त्व मला नंतर कळले. निकालपत्रात ‘कोर्टाचा खर्च भरून रद्द’ असे शब्द येऊ नयेत असा त्यांचा आग्रह होता. केंद्रीय नियमांत दोषसिद्धीची व्याख्या रुंद आहे. दंड भरणे, जामिनाची रक्कम जप्त होऊ देणे, इतकेच काय, कोर्टाचा खर्च भरणे हेही दोषसिद्धीत मोडू शकते. सरळ ‘रद्द’ असा निकाल आणि त्याची शिक्का मारलेली प्रमाणित प्रत, या दोन गोष्टी त्यांनी मिळवून दिल्या. डीएमव्हीच्या नोंदीत दुसरे तिकीट उतरलेच नाही. अपात्रता टळली. सेफ्टी मॅनेजरनी निकालाची प्रत फायलीला लावली आणि मी कामावर कायम राहिलो.

प्रकरण इथे संपले असे मी धरून चाललो असतो, जर त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीत अर्ज केला नसता. घराजवळच्या फेऱ्या मिळत होत्या, म्हणून मी प्रयत्न केला. मुलाखतीत समोरच्या बाईंनी स्क्रीनवर पाहून विचारले, “फार जवळून पाठलाग केल्याचे उल्लंघन अजून दिसते आहे, त्याविषयी काही सांगाल?” मी निकालपत्र दाखवले. त्या म्हणाल्या, “हे कोर्टाचे झाले, माझ्यासमोर पीएसपी आहे.”

पीएसपी म्हणजे भरतीपूर्व छाननीचा अहवाल. केंद्र सरकारच्या मोटार वाहक सुरक्षा प्रशासनाकडे, म्हणजे एफएमसीएसएकडे, असलेल्या माहितीतून तो तयार होतो आणि त्यात पाच वर्षांतले अपघात व तीन वर्षांतल्या रस्त्यावरच्या तपासण्या असतात. चालकाच्या संमतीने नवी कंपनी तो मागवते; चालकालाही दहा डॉलर भरून स्वतःचा अहवाल पाहता येतो. यात कोर्टाचा निकाल आपोआप येत नाही. तपासणी अधिकाऱ्याने रस्त्याच्या कडेला जे टंकले तेच येते, मग तिकीट पुढे रद्द होवो वा न होवो. उलट, तिकीट न देता फक्त अहवालात लिहिलेले उल्लंघनही यात राहते, जे कोर्टात कधी गेलेच नसल्यामुळे तिथे लढताही येत नाही.

हीच माहिती कंपनीच्या सुरक्षा गुणांकनातही जाते. त्या वेळच्या पद्धतीत प्रत्येक उल्लंघनाला एक ते दहा असे तीव्रतेचे वजन होते. मर्यादेपेक्षा १५ मैल किंवा अधिक वेगाला दहा, जवळून पाठलागाला पाच. त्यावर काळाचा गुणक: पहिले सहा महिने तिप्पट, वर्षापर्यंत दुप्पट, दोन वर्षांपर्यंत एकपट. चालकाने नोकरी बदलली तरी हे ओझे जुन्या कंपनीच्या खात्यावरच राहते, नव्या कंपनीकडे जात नाही. नवी कंपनी मात्र पीएसपी पाहून ठरवते की या माणसामुळे आपले खाते पुढे बिघडेल का.

या नोंदीवर दाद मागण्याची जागा म्हणजे ‘डेटाक्यूज’ ही एफएमसीएसएची ऑनलाइन व्यवस्था. २०१४ च्या ऑगस्टनंतरच्या तपासण्यांसाठी असा नियम आहे की उल्लंघनाशी जोडलेले तिकीट कोर्टात रद्द झाले किंवा चालक निर्दोष ठरला, तर प्रमाणित निकाल जोडून ते उल्लंघन नोंदीतून काढून टाकण्याची मागणी करता येते. दोष वेगळ्या, हलक्या कलमाखाली सिद्ध झाला असेल तर उल्लंघन राहते, पण त्याचे वजन एकवर आणले जाते. मी खाते उघडले, तपासणी अहवालाचा क्रमांक दिला, निकालाची प्रमाणित प्रत स्कॅन करून जोडली आणि तीन-चार ओळींत मागणी लिहिली. त्यात भावना, हकिकत, अधिकाऱ्याविषयी तक्रार काही लिहिले नाही, कारण निर्णय घेणाऱ्याला दोनच गोष्टी जुळवायच्या असतात: अहवालातला तिकिटाचा क्रमांक आणि निकालातला क्रमांक.

नेमके तिथेच अडले. अर्ज ज्या राज्याने तपासणी केली त्याच राज्याच्या विभागाकडे जातो, आणि त्यांनी उलट विचारणा केली की अहवालात तिकिटाचा क्रमांकच नोंदलेला नाही, मग हे तिकीट याच उल्लंघनाचे कशावरून? अहवालातला तो रकाना रिकामा होता. मूळ तिकिटाची प्रत माझ्याकडे जपून ठेवलेली होती. तिच्यावरची तारीख, वेळ, मैलाचा दगड आणि अधिकाऱ्याचा बिल्ला क्रमांक अहवालाशी जुळत होते. या चारही ठिकाणी खूण करून मी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकाच पानावर पाठवले. काही आठवड्यांनी मागणी मान्य झाल्याचा संदेश आला, आणि पुढच्या महिन्यात नवा पीएसपी मागवून पाहिला तेव्हा तपासणी होती, उल्लंघन नव्हते. दरम्यान घराजवळची ती नोकरी दुसऱ्याला मिळाली होती. त्या कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर जो कागद होता तो त्यांनी वाचला.

आता घरच्या विम्याविषयी. आमच्या दोन मोटारी आहेत. एक पत्नी हॉस्पिटलच्या ड्युटीसाठी नेते, दुसरी मी घरी असलो की वापरतो. पहिल्या, वेगाच्या दोषसिद्धीनंतरच्या नूतनीकरणात हप्ता वाढून आला. पत्नीने विचारले, “तिकीट ट्रकचे, ट्रकचा विमा कंपनीचा, मग आपल्या पॉलिसीवर का?” हा प्रश्न रास्त आहे आणि आमच्या एजंटने त्याचे उत्तर असे दिले, की विमा कंपनी गाडी पाहत नाही, चालकाची नोंद पाहते. ती नोंद म्हणजे डीएमव्हीकडून येणारा एमव्हीआर. ट्रक चालवणारा मी आणि मोटार चालवणारा मी यांचा एमव्हीआर एकच. कॅलिफोर्नियात १९८८ च्या प्रस्ताव १०३ नुसार मोटार विम्याचा दर ठरवताना चालकाची सुरक्षिततेची नोंद हा पहिला घटक, वर्षातले मैल दुसरा आणि चालवण्याचा अनुभव तिसरा. त्याच कायद्याने ‘चांगला चालक’ म्हणून किमान २० टक्के सवलत दिली आहे, आणि तिची एक अट म्हणजे गेल्या तीन वर्षांत एकाहून अधिक गुण नसावा.

एजंटशी सविस्तर बोलल्यावर चित्र स्पष्ट झाले. पहिल्या गुणाने दर वाढला, पण सवलत टिकली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दुसरे तिकीट सिद्ध झाले असते तर दोन गुण होऊन ती २० टक्के सवलतच गेली असती, आणि वाढीव दर सवलतीविना लागला असता. म्हणजे कोर्टाबाहेरच्या दालनात जे ठरले त्यात माझ्या कामाबरोबर आमच्या घरच्या खर्चाचाही प्रश्न होता. पीएसपीतली नोंद मात्र विमा कंपनीच्या एमव्हीआरमध्ये नव्हती, त्यामुळे तिथे ती कधी उमटली नाही. एकीकडे नोकरी अडवणारी नोंद दुसरीकडे अस्तित्वातच नाही, आणि विम्याला अडवणारी नोंद डेटाक्यूजने पुसता येत नाही, अशी ही रचना आहे. राज्याराज्यांत विम्याचे नियम वेगळे आहेत, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या वाचकांनी आपल्या एजंटला दोन प्रश्न थेट विचारावेत: तुम्ही किती वर्षांचा एमव्हीआर पाहता, आणि व्यावसायिक वाहनातली दोषसिद्धी घरच्या पॉलिसीत कशी मोजता?

वर्षभराने मी मुदतीचा जीवन विमा घ्यायला गेलो तेव्हा तिथेही एमव्हीआर मागवला गेला. अर्जात व्यवसाय विचारला होता, गेल्या काही वर्षांतली वाहतूक उल्लंघने विचारली होती. मी वेगाची दोषसिद्धी लिहिली, रद्द झालेले तिकीट लिहिले नाही, कारण प्रश्न दोषसिद्धीचा होता. अशा अर्जात शब्दांचा नेमकेपणा महत्त्वाचा आहे. जे सिद्ध झाले ते लपवले तर पुढे दावा फेटाळला जाण्याची भीती असते, आणि जे सिद्ध झाले नाही ते आपणहून लिहिले तर त्याला उत्तर देत बसावे लागते. पॉलिसी नेहमीच्या दराने मिळाली.

माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव ही, की कोर्टाचा रद्द केल्याचा निकाल तपासणीच्या नोंदीपर्यंत आपोआप पोचण्याची सोय नाही. दोषसिद्धी दहा दिवसांत राज्याची सीमा ओलांडते. निर्दोषपणा मात्र चालकाने स्वतः हातात धरून न्यावा लागतो. ज्याला इंग्रजीत अर्ज लिहिणे जड जाते, ज्याच्याकडे स्कॅनर नाही, जो आठवड्यातले सहा दिवस गाडीतच झोपतो, तो हे करणार केव्हा? आमच्या यार्डातल्या दोघांचे निकाल असेच पडून होते. पाजींच्या केबिनमध्ये बसून आम्ही त्यांचे अर्ज भरले. एकाचे उल्लंघन निघाले, दुसऱ्याचा निकाल ‘कोर्टाचा खर्च भरून रद्द’ असा होता, म्हणून त्याची मागणी फेटाळली गेली.

माझी वेगाची दोषसिद्धी अजून तीन वर्षांच्या आत आहे. ती मुदत संपल्यावरच्या नूतनीकरणाआधी मी डीएमव्हीकडून स्वतःचा एमव्हीआर काढून पाहणार आहे, आणि गुण गेलेला दिसला की एजंटला तो पाठवून नवा दर मागणार आहे. तोवर वर्षातून एकदा एमव्हीआर आणि पीएसपी दोन्ही मागवून शेजारी ठेवून वाचतो, आणि तिकीट, तपासणी अहवाल, निकाल, कंपनीची पोच हे चारही कागद एका पाकिटात, एका क्लिपला लावून ठेवतो.